लग्नफंडाची नवरी

माझ्या वरातीला पुढं बँड होता आणि दोन्ही अंगांनी गॅसबत्त्या होत्या. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळातून तोवर कुणाच्या मुलीची अशी वरात निघाली नव्हती. गव्हाच्या हुग्गीवर तूप हात सैल सोडून वाढलं होतं. माझ्या अंगावर इरकली लुगडं होतं आणि हातात नव्या पाटल्या. लोक म्हणाले, आहे सुताचा दुकानदार, पण लग्न पेढीवाल्यासारखं केलं.

त्या लग्नाचा पैसा अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गल्ल्यातला नव्हता. तो लग्नफंडातून आला होता. अप्पांनी ही गोष्ट लपवली नाही. उलट ती सगळ्या पेठेला कळावी असंच ठरलं होतं, आणि त्या ठरण्यात मीही होते.

तीस सालचा मार्शल लॉ उठून दोन-तीन वर्षं झाली होती. गावात मंदी होती, मागावरची लुगडी घरात पडून राहत होती, आणि अशा दिवसांत कुत्र्याच्या छत्र्यांसारखे फंड उगवले होते. कुणाचा मुंजीचा फंड, कुणाचा मर्तिकाचा, कुणाचा लग्नाचा. दरमहा थोडी वर्गणी भरायची, वर्षभर सभासद राहायचं, आणि घरात कार्य निघालं की फंडाकडून रक्कम घ्यायची. आमच्या पेठेत लग्नफंड घेऊन आले ते एक मास्तर. मी ज्या शाळेत चौथी पास झाले तिथंच ते पूर्वी शिकवत. नोकरी सुटली होती, पण लोक त्यांना मास्तरच म्हणत. काळी टोपी, सायकल, आणि हँडलला अडकवलेली कापडी पिशवी. पिशवीत फंडाची छापील माहितीपत्रकं.

अप्पांचा हिशेब कानडीत. घरातलं आमचं बोलणंही निम्मं कानडी, निम्मं मराठी. मराठी पाट्या ते वाचत, पण बारीक छपाई त्यांना जड जाई. म्हणून मास्तरांनी पत्रक पुढं केलं तेव्हा अप्पांनी मला आतून हाक मारली.

"पोरी, हे वाच. समदं वाच. एक अक्षर सोडू नगंस."

पत्रकावर लक्ष्मीचं चित्र होतं. खाली ठसठशीत अक्षरांत 'कन्येच्या विवाहास रुपये पाचशे' आणि त्याच्या खाली, मुंगीएवढ्या टायपात, 'पर्यंत'. आतल्या पानांवर नियम होते. मी शाळेत कविता म्हणावी तशी खणखणीत वाचत गेले. एका नियमापाशी अप्पांनी हात वर केला.

"हे परत वाच."

मी वाचलं. ज्या तिमाहीत विवाह होईल त्या तिमाहीत जमलेल्या वर्गणीतून कचेरीखर्च वजा जाता उरलेली रक्कम त्या तिमाहीतील सर्व हक्कदारांत सारखी वाटण्यात येईल.

"आणि एक डाव."

मी पुन्हा वाचलं. मास्तर हसून म्हणाले, "शेठ, ही कायद्याची भाषा. छापावी लागते. आत्ता आमच्याकडे वर्गणी भरणारे पुष्कळ आणि लग्नं थोडी. तुम्हाला पुरेपूर मिळणार."

"सोलापुरात कवा सुरू केलं?"

"तुम्ही पहिल्या काही जणांत आहात."

अप्पांनी मान डोलावली आणि माझ्या नावानं सभासद झाले.

मास्तर गेल्यावर अव्वानं, माझ्या आईनं, विचारलं, "त्या नियमाचा अर्थ काय हो?" मी उंबऱ्याशी जोंधळे निवडत होते. अप्पा म्हणाले, "नळाचं पाणी हाय हे. जो आधी घागर लावंल त्याची भरंल. आपण आधी लावलीया."

"आणि मागल्यांचं?"

"मागल्यांनी कागद वाचावा. छापूनच दिलाय की."

पहाटे नळावर भांडणं होत, शेवटच्या बायका कळशीत नुसता हवेचा सूं सूं आवाज घेऊन परत जात, हे मी रोज पाहत होते. त्यामुळं अप्पांचं बोलणं मला लगेच समजलं. समजलं याचा मला अभिमान वाटला. आपण वाचलेल्या कागदातून अप्पांनी काय हुशारीनं अर्थ काढला, असंच मनात आलं. मागल्यांचा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

वर्षभरानं माझं लग्न ठरलं, मोडनिंबच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याकडं. पत्रिका आणि दोन पंचांचा दाखला फंडाच्या कचेरीला गेला आणि रक्कम आली. 'पर्यंत' नाही, पुरी आली. मास्तरांनी ती आमच्या ओट्यावर, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून, अप्पांच्या हातात दिली. मग ते म्हणाले, "एक विनंती आहे. लग्नाला आमचे चार-पाच सभासद आणि होऊ घातलेले सभासद येतील. त्यांना बघू द्या. आणि मुलीचा एक फोटो काढू द्या."

अप्पांनी दोन्ही गोष्टींना हो म्हटलं. लग्नात मास्तर अनोळखी माणसांना मांडवात आणून माझ्याकडं बोट दाखवत होते. मी मान खाली घालून बसले होते, पण मला ते आवडत होतं. दुसऱ्या दिवशी फोटोवाल्यानं मला खुर्चीत बसवलं आणि पाटल्या दिसतील असे हात मांडीवर ठेवायला सांगितले.

पुढच्या पंचमीला मी माहेरी आले तेव्हा नवं पत्रक छापून आलं होतं. लक्ष्मी गेली होती. तिच्या जागी मी होते.

आमच्या समोरच्या घरात तेलुगू बोलणाऱ्या पद्मसाळी विणकराचं कुटुंब राहायचं. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. आम्ही एका पाटीवर अक्षरं गिरवली होती, पण तिची शाळा दुसरीतच सुटली, कारण घरात सुताच्या कांड्या भरायला हात हवे होते. त्यांच्या पुढच्या खोलीत दोन माग होते. एकावर तिचे वडील बसत, त्यांना ती नायना म्हणे, आणि दुसऱ्यावर तिचा थोरला भाऊ. सूत आमच्या दुकानातून जाई. दिवसभर त्यांच्या धोट्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येई, आणि तो थांबला की अव्वा म्हणायची, आता त्यांची जेवणाची वेळ झाली.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी ती धावत आली. "चल की गं आमच्याकडं. मास्तर आलाय. नायना म्हणतोय, वाचायला तुला बोलीव."

मी निघाले तशी अप्पांनी दुकानातूनच हटकलं. "वाचायला बोलीवलंय तर वाच. पुरं वाच. तुज्या मनचं मात्र काई बोलू नगंस."

"का?"

"ज्याचं खाल्लं त्याच्या ताटात माती कालवत न्हाईत."

मी समोरच्या घरात गेले. दोन्ही माग थांबवले होते. नायना मागाच्या खड्ड्याच्या कडेला पाय सोडून बसले होते, मैत्रिणीची अम्मा भिंतीला टेकून, आणि मास्तर घरातल्या एकुलत्या एका स्टुलावर. पत्रक नायनांच्या हातात होतं. मैत्रीण माझा फोटो पाहून हसत होती. "बघ, तू हायस! लई गोड दिसतीस."

मी पत्रक घेतलं आणि वाचू लागले. एकही नियम गाळला नाही. तो तिमाहीचा नियम आला तेव्हा माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. सावकाश, स्वल्पविरामांवर थांबत, मास्तरांनीच शाळेत शिकवलं होतं तसं वाचलं. संपल्यावर नायनांनी विचारलं, "म्हंजे काय, पोरी?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मला नळाचं पाणी आठवलं. तेवढे दोन शब्द मी बोलले असते तर पुरलं असतं. त्या घरातून पहाटे नळावर कळशी घेऊन जाणारी माझी मैत्रीणच होती, तिला ते माझ्याआधी कळलं असतं. पण माझ्या आधी मास्तर बोलले.

"अर्थ तुमच्यासमोर बसलाय की. तिच्या हाताकडे बघा."

आणि सगळ्यांनी माझ्या पाटल्यांकडं पाहिलं. मीसुद्धा पाहिलं. अम्मानं पुढं होऊन माझा हात हातात घेतला, पाटली जरा वर सरकवली, परत खाली आणली. तिच्या बोटांना सुताची खळ लागलेली होती. ती म्हणाली, "जड हाय." मी म्हणाले, "व्हय."

एवढंच मी बोलले. जे छापलं होतं ते सगळं वाचलं आणि जे मला कळलं होतं त्यातलं काहीच सांगितलं नाही. घरी आले तेव्हा अप्पांनी विचारलं, "पुरं वाचलंस?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "झालं तर." आणि गिऱ्हाईकाला सूत तोलून देऊ लागले.

त्यांनी मुलीच्या नावानं वर्गणी सुरू केली. मी मोडनिंबला परत गेले. अधूनमधून माहेरी आले की मैत्रीण सांगायची, महिन्याची वर्गणी द्यायला नायना एक लुगडं जास्त विणतात, दिवे लागल्यावरही बसतात, डोळ्यांतून पाणी येतं. मी ऐकून घ्यायची आणि दुसरा विषय काढायची. एकदा ती म्हणाली, "तुज्यासारखी वरात न्हाय काढणार आमी. पण दोन गॅसबत्त्या तरी." मी म्हटलं, "दोन कशाला, चार काढा." हे वाक्य मी का बोलले, मला कळत नाही.

तिचं लग्न ठरलं. मी कुर्डुवाडीला गाडी बदलून चार दिवस आधीच आले. घरी पाय ठेवला तेव्हा अव्वाचा चेहरा पाहूनच काहीतरी बिघडलंय हे समजलं. तिनं मला पाणी दिलं आणि हळूच सांगितलं, "त्यांच्या फंडाचे पैसे आले न्हाईत अजून. बाकीच्यांचे आलेत, पर लई थोडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमन समोरच्या घरात गेला. थोड्या वेळानं नायना आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. हातात मनीऑर्डरची पावती होती. त्यांनी दुकानात अप्पांकडं न बघता आत बघून हाक मारली, "पोरी, आलीस न्हवं तू? जरा वाच."

मी बाहेर आले. रक्कम मी वाचली आणि मला वाटलं आपली नजर चुकली. मांडवाचं भाडंही त्यात भागलं नसतं. खाली दोन ओळी होत्या. चालू तिमाहीत विवाहांची संख्या फार झाल्याने नियमाप्रमाणे येणारा हिस्सा पाठविला आहे.

"नीट वाचलंस?"

"व्हय, मामा."

"परत वाच."

मी परत वाचलं. अप्पा तराजूशी उभे होते. त्यांना गप्प राहवलं नाही. ते म्हणाले, "कागदात लिवलं हुतं की."

नायनांनी तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडं पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात. असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "व्हय. लिवलं हुतं." पावती घडी करून कनवटीला लावली आणि उठले.

अप्पा मागून म्हणाले, "अडचण हाय तर सांगा. लग्न हुईस्तवर मी देतो."

"नगं. तुमचं सुताचंच बाकी हाय."

तिसऱ्या प्रहरी त्यांच्या घरातून ठोकाठोकीचा आवाज आला. मी दारात जाऊन पाहिलं. दोघं बाप-लेक एक माग सुटा करत होते. पाचर काढून, खांब उपसून, फणी वेगळी करून. साखर पेठेतला कुणी माणूस हातगाडी घेऊन आला होता. गाडीवर ते सगळं रचलं तेव्हा तो माग आहे असं ओळखूही येत नव्हतं, नुसती जुनी लाकडं वाटत होती. मैत्रिणीचा भाऊ गाडीच्या मागं चालत बोळाच्या तोंडापर्यंत गेला आणि परत आला. लग्न झाल्याच्या आठवड्यात तो गिरणीत लागला. भोंगा वाजला की डबा घेऊन निघायचा. आपल्या घरात आपल्या मागावर बसणारा मुलगा तो, खाली मान घालून जायचा आणि आमच्या दाराकडं बघायचा नाही.

माग गेला त्या संध्याकाळी मी अप्पांना म्हटलं, "आपण सांगायला हवं हुतं."

"काय सांगायचं?"

"नळाचं पाणी."

त्यांनी गल्ल्याला कुलूप घातलं. मग म्हणाले, "मी खोटं बोललो का कुणाला?"

"न्हाय."

"तू खोटं वाचलंस का?"

"न्हाय."

"मग?"

अव्वानं ताटं वाढली. अप्पांनी भाकरी मोडली, शेंगांची चटणी घेतली, आणि तसंच ताट सारून ते उठले. अव्वा मला म्हणाली, "तू जेव." मी जेवले. भूक लागली होती, हे सुद्धा मला नंतर खूप दिवस लागून राहिलं.

लग्न झालं. बँड नव्हता, सनई होती, आणि नायनांनी स्वतः विणलेलं लुगडं ती नेसली होती. लग्नाला निघताना मी पाटल्या काढून अव्वाच्या पेटीत ठेवल्या आणि हातात काचेच्या बांगड्या तेवढ्या ठेवल्या. वाढायला मी पुढं झाले तर अम्माच्या लगेच ध्यानात आलं.

"पाटल्या कुटं गेल्या?"

"घरी ठेवल्या."

"कशाला? घाल जा. सवाशिणीनं मोकळ्या हातानं लग्नात हिंडू नये."

मी घरी जाऊन पाटल्या घालून आले. त्या दिवशी त्या घालण्याइतकं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही.

मास्तर लग्नाला आले होते, पण मांडवात शिरले नाहीत. बोळाच्या कोपऱ्यावर सायकल धरून उभे होते. मी त्यांना बोलवायला गेले, खरं म्हणजे चार शब्द सुनवायला गेले. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. म्हणाले, "माझ्या दोन मुली आहेत या फंडात. मीही भरलंय." आणि सायकल वळवून निघून गेले. पुढं फंडाची कचेरी बंद पडली, आणि मास्तर एका आडत दुकानात हिशेब लिहू लागले. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं, का आपलेच शब्द ऐकून तेही फसले, हे मला कधी कळलं नाही. ते मला ओळख दाखवत, मी मान वळवायची.

अप्पांमध्ये फरक पडला. सुताच्या उधारीचा त्यांनी समोरच्या घराला कधी तगादा लावला नाही. नायना मात्र एक-एक करून फेडतच राहिले, आणि शेवटची बाकी दिली त्या दिवशी सूत दुसऱ्या दुकानातून आणायला लागले. तेव्हापासून बोळात कुणी छापील कागद घेऊन आलं, भिशीचा असो की विम्याचा, की अप्पा त्या घरी जाऊन बसत आणि खोदून खोदून विचारत, मागून येणाऱ्याला काय, पैसे मधीच थांबवले तर काय, कचेरी कुठं हाय, कुणाला धरायचं. येणारे लोक वैतागून जात. शेजारी म्हणत, स्वतःच्या पोरीचं लग्न फंडातनं झालं आणि आता दुसऱ्याचं बघवत न्हाय. अप्पा ते ऐकून घेत. त्यांनी कुणालाही खरं कारण सांगितलं नाही, आणि माझ्याशीही तो विषय पुन्हा काढला नाही.

पुढच्या पंचमीला मी पाटल्या पदरात बांधून समोरच्या घरी गेले. अम्मा एकटीच होती. खोलीत एकच माग, दुसऱ्याच्या जागी खड्डा बुजवून शेण सारवलं होतं. मी पाटल्या तिच्यापुढं ठेवल्या आणि म्हटलं, "ह्या ठेवा. तुमच्याच हायत."

तिनं त्यांना हात लावला नाही. "सासूला काय सांगशील?"

"हरवल्या म्हणून सांगीन."

"म्हंजे खोटं बोलशील." ती म्हणाली. "तवा खरं बोलली न्हाईस, आता खोटं बोलणार. उचल बाई. आणि बस, च्या ठेवते."

म्हणजे तिला ठाऊक होतं. मला कळलं होतं आणि मी गप्प बसले, हे तिनं कधीतरी ओळखलं होतं आणि तरी माझ्या हातून लग्नात वाढून घेतलं होतं. मी चहा प्यायले. तो कसा लागला ते मला सांगता येणार नाही.

मैत्रीण भिवंडीला दिली होती. चार-पाच वर्षं आमची गाठ पडली नाही. तोवर सरकारनं कायदा करून असले वाटणीचे फंड बंद केल्याचं आम्ही ऐकलं. मग एका संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांजवळ ती दिसली. दोन मुलं, एक कडेवर, एक हाताला. अंगानं भरली होती. मला पाहून ती आधी हसली, मग डोळ्याला पदर लावला, आणि दोघी बाजूला चटईवर बसलो. तिचा मोठा मुलगा पाळण्याकडं बघत होता.

इतकी वर्षं साठलेलं मी एका दमात बोलून टाकलं. अप्पांचं नळाचं बोलणं, त्यांची ताकीद, माझं वाचन. "मला कळलं हुतं," मी म्हटलं, "आणि मी बोलले न्हाय. तुमचा माग गेला तो माज्यामुळं."

ती ऐकत होती. मुलाच्या डोक्यावरची टोपी सरळ करत म्हणाली, "नायनाला पण कळलं हुतं."

"काय?"

"त्यानं त्याच दिवशी अम्माला सांगितलं. म्हणाला, पोरीनं चांगलं वाचलं. आधी शिरणाऱ्याला मिळतं, मागून येणाऱ्याला न्हाय. पर अजून लोक येणार, आपण काय शेवटचे न्हाय. वरसात लग्न उरकू." तिनं माझ्याकडं पाहिलं. "सूत विकणाऱ्याला तेवढं कळतं आणि विणणाऱ्याला कळत न्हाय हुय गं?"

खरं सांगायचं तर मला एकदम हलकं वाटलं, छातीवरचं ओझं कुणी उचलून नेल्यासारखं. तिनं ते माझ्या तोंडावर वाचलं असावं, कारण ती पुढं म्हणाली, "आमच्या मागं माजी मावशी हुती. नायनानंच तिला फंडात घातलं. लोक वाढायला पायजेत न्हवं? मी पण गेले हुते संगं. मावशी मला म्हणाली, चांगलं हाय का गं? मी म्हटलं, चांगलं हाय. तिला फंडातनं काईच आलं न्हाय. पोरगी बिजवराला द्यावी लागली."

माझं हलकेपण तिथंच संपलं, आणि ते वाटलं याचीच लाज वाटली. मला तिच्याकडून माफी हवी होती, आणि तिच्याजवळ द्यायला ती नव्हती. तिलाच कुणाकडून तरी हवी होती.

"मावशी हितंच असती का?" मी विचारलं.

"व्हय. साखर पेठेत." मग ती म्हणाली, "दरसाल येते आणि तिच्याकडं जायचं टाळते. तू येतीस का? एकटीला पाय उचलत न्हाय माजा."

मुलाला पाळण्यात एक फेरी दिली आणि आम्ही निघालो. वाटेत तिनं ठरवलं, आज सांगायचंच. मी म्हटलं, तू सांग, मी पण सांगते, कागद वाचणारी मीच होते. दोघींचं ठरलं.

मावशी दारातच कांड्या भरत बसली होती. आम्हाला पाहून ती इतकी आनंदली की चाक तसंच सोडून उठली. मुलांच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, आम्हाला घोंगडीवर बसवलं, तिळाचे लाडू दिले. मग आपल्या लेकीचं सांगू लागली. जावई वयानं मोठा आहे पण मारत नाही. पहिलीची दोन मुलं आहेत, ती हिला आईच म्हणतात, तिच्याशिवाय जेवत नाहीत. "देवानं बरंच केलं म्हणायचं," मावशी म्हणाली आणि माझ्या मैत्रिणीच्या पाठीवरून हात फिरवला. "तुज्या नायनानं आमच्यासाटी लई खटपट केली बाई. त्या फंडात पण घातलं आमाला. आमचंच नशीब न्हवतं."

मैत्रिणीनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "लाडू लई छान झाल्यात मावशी."

"अजून घे की," मावशी म्हणाली.

तिनं अजून एक घेतला. मीही घेतला. थोड्या वेळानं मुलं कंटाळली म्हणून आम्ही उठलो. मावशी बोळाच्या तोंडापर्यंत पोचवायला आली आणि पुढच्या संक्रांतीला याल तेव्हा जेवायलाच या, असं दोन-दोनदा सांगून परत फिरली.